विमोर : आईलेकींनी मागाशी जोडलेलं दुकान

बंगळुरूच्या व्हिक्टोरिया ले-आउटमध्ये 'विमोर' हे हातमागाच्या साड्यांचं दुकान आहे. चिमी नंजप्पा आणि त्यांची लेक पवित्रा मुद्दय्या यांनी १९७४ साली ते सुरू केलं, तेही घरातून. कपड्यांच्या धंद्यात पन्नास वर्षं टिकणं ही मोठी गोष्ट आहे. पण विमोरचं मोठेपण मला वयापेक्षा त्याच्या पद्धतीत दिसतं. या दोघींनी दुकान मांडताना माग आधी पाहिला, गिऱ्हाईक नंतर.

त्या काळाचं चित्र डोळ्यांपुढे आणलं पाहिजे. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं आणि कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या अध्यक्ष झाल्या. मंगळुरूत जन्मलेल्या या बाईंनी देशभर हिंडून कारागिरांच्या हातातली विद्या शहरांपर्यंत पोचवली. राज्याराज्यांत सरकारी एम्पोरियम उभी राहिली. पण सत्तरच्या दशकात नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्यांनी बाजार व्यापत आणला. धुवायला सोप्या, इस्त्रीची कटकट नाही आणि भावही परवडणारा. अशा वेळी हातमागाच्या साडीवर संसार पणाला लावायचा, तर धाडसाबरोबर पारखी नजरही हवी.

ही नजर आईलेकींनी जुन्या साड्यांवर घडवली. दक्षिणेत देवीला साडी वाहण्याची रीत आहे. देवळाकडे जमलेल्या अशा साड्यांचा पुढे लिलाव होतो. विमोरने या देवळाच्या साड्या मिळवल्या, त्यांचे काठ, पदर आणि बुट्ट्या अभ्यासल्या आणि विणकरांकडून पुन्हा विणून घेतल्या. घराघरांतल्या आजीच्या साड्याही याच कामी आल्या. वापरातून गेलेला नमुना परत मागावर चढला की त्याच्याबरोबर विणण्याची एखादी विसरलेली युक्तीही परत येते. कारण नमुना कागदावर काढता आला, तरी तो उतरतो हाताच्या सवयीतून.

जुनी साडी समोर ठेवून नवी विणणं वाटतं तितकं सरळ नाही. कांजीवरमचा काठ अंगापेक्षा वेगळ्या रंगाचा हवा असेल तर तीन धोटे लागतात, एक अंगासाठी आणि दोन दोन्ही काठांसाठी. प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा असतो. विदर्भातल्या करवती काठाच्या टसर साड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही मेहनत ओळखीची वाटेल. ताणा एकदा मागावर चढला की साधारण तीन साड्या होतात. म्हणजे रंग चुकला तर एका नव्हे, तीन साड्यांचं रेशीम अडकतं. नक्षी जकार्डवर घ्यायची तर प्रत्येक नव्या बुट्टीसाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बनवावी लागते, आणि नक्षी जितकी गुंतागुंतीची तितके पुठ्ठे जास्त. म्हणून चांगली रचनाकार कागदावर सुंदर दिसणारी नक्षी मागाला झेपेल इतकी सोपी करते. तिचं खरं कौशल्य इथेच लागतं.

आपल्याकडे नेसल्या जाणाऱ्या इरकलीतही अशीच मेहनत दिसते. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलमध्ये अंगाचा ताणा सुती आणि पदराचा रेशमी असतो. हे दोन ताणे धाग्याच्या फासांनी एकमेकांत गुंतवतात, आणि दर साडीला ही जोडणी नव्याने करावी लागते. शेजारच्या गुळेदगुड्डचा खण महाराष्ट्रातल्या चोळ्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या विणला गेला. चोळीची फॅशन मागे पडली तसे तिथले माग थंडावले. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या आणि ड्रेस शिवले जाऊ लागले आणि मराठी मुलींना तो परत हवासा झाला. शहरातल्या बुटीकची एक ऑर्डर कुठल्या तरी गल्लीतला माग चालता ठेवते, याचं याहून जवळचं उदाहरण आपल्याला सापडणार नाही.

विमोरचा सर्वांत वेगळा निर्णय नमुन्यांबद्दलचा आहे. फॅशनच्या धंद्यात नमुना कुलपात ठेवतात. पवित्रा मुद्दय्या यांनी तो विणकराकडे मोकळा सोडला. आपल्यासाठी विणलेली रचना त्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला विकली तरी हरकत घ्यायची नाही, अशी त्यांची भूमिका राहिली. वरवर पाहता हा तोटा आहे. पण एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असलेला विणकर त्या गिऱ्हाइकाचा हंगाम बसला की माग सोडतो. चार ठिकाणी माल विकणारा टिकतो. तो टिकला तरच पुढच्या वर्षी विणायला कुणी असेल. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख विणकर आणि पूरक कामगार मोजले गेले. त्यांत दहापैकी सात बायका होत्या. सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई ५,००० रुपयांच्या आत होती. या आकड्यांपुढे नमुन्याची मालकी जपण्यापेक्षा विणकराचं काम जपणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

या आईलेकींनी जमवलेल्या साड्या आणि ज्ञान आता विमोरच्या वस्त्रसंग्रहालयात पाहायला मिळतं. दुकान चालवता चालवता तयार झालेला हा संग्रह विणकरालाही उपयोगी पडतो, कारण आजोबांनी काय विणलं होतं ते नातवाला इथे हाताच्या अंतरावरून पाहता येतं.

आज बुटीक काढणाऱ्या कितीतरी मुली आधी दुकानाची जागा, सजावट आणि जाहिरात यांचा हिशेब मांडतात. तो मांडायलाच हवा. पण विमोरकडे पाहून मला वाटतं की त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढावीत. आपला कपडा कोण विणतं? त्याला उचल आणि उरलेले पैसे किती दिवसांत मिळतात? आपण ऑर्डर थांबवली तर त्याचं काय होईल? ज्या बाईकडे ही उत्तरं तयार असतील, तिच्या दुकानात माल कमी असला तरी चालेल. मंदीच्या वर्षातही तिच्यासाठी कुणीतरी ताणा लावेल, आणि या धंद्यात त्याहून भक्कम भांडवल नाही.