लघुउद्योगांचे समाजमाध्यमांतील विपणन : प्रेरणेच्या स्रोतांचा विचार

लघुउद्योजक समाजमाध्यमांकडे वळला म्हणजे त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘काय मांडावे?’ हा. साधनांची अडचण आता फारशी उरलेली नाही. व्हॉट्सॲपने व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र सोय २०१८ च्या जानेवारीत उपलब्ध केली, व २०१९ च्या अखेरीस तिला मालाच्या सूचीची जोड दिली. इन्स्टाग्रामवरील ‘रील्स’ ह्या लघुचित्रफितींचा मार्ग भारतात जुलै २०२० मध्ये खुला झाला. परंतु साधन हाती आले म्हणून मजकूर सुचतोच, असे नाही. ह्या मजकुराची स्फूर्ती कोठून घ्यावी, ह्याविषयीच्या रूढ मताची छाननी करणे व त्याहून निराळी भूमिका मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रूढ मत असे की, इतरांचे जे यशस्वी झालेले दिसते ते पाहावे आणि त्याच धर्तीवर आपले मांडावे. हे मत सर्वस्वी टाकाऊ नव्हे. तथापि त्यातील ‘दिसते’ ह्या शब्दाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. फेसबुक व इन्स्टाग्राम ह्यांवर चालू असलेल्या जाहिराती २०१९ पासून एका सार्वजनिक संग्रहात कोणासही पाहता येतात. जाहिरातीचे स्वरूप काय व ती केव्हापासून चालू आहे, हे त्यातून कळते. तिच्यामुळे किती माल खपला, हे मात्र कळत नाही. दीर्घकाळ चाललेली जाहिरात तिच्या मालकास फायद्याची वाटत असावी, एवढेच अनुमान त्यावरून निघते. शिवाय तीच रीत अवलंबून ज्यांच्या पदरी काहीच पडले नाही, ते आपल्या दृष्टीस पडतच नाहीत. केवळ विजेत्यांची गणती करून काढलेला निष्कर्ष किती भरवशाचा मानावयाचा, हे संशोधनाच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

दुसरी गोष्ट उद्देशाची. चालू घडामोडींवर मार्मिक टिप्पणी करणारी जाहिरात म्हटली की १९६६ पासून चालत आलेली अमूल लोण्याची फलकमाला आठवते, आणि अनेक लहान व्यावसायिक तिचेच अनुकरण करू पाहतात. परंतु ज्या मालाची ओळख घरोघरी आहे त्याच्या जाहिरातीस केवळ स्मरण द्यावयाचे असते. अपरिचित उत्पादकाच्या जाहिरातीस प्रथम परिचय करून द्यावयाचा असतो. स्मरणासाठी योजलेली रीत परिचयाच्या कामी बहुधा निरुपयोगी ठरते. ह्या अनुकरणात कायद्याचीही जोखीम आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पी. व्ही. सिंधू ह्यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविल्यावर अनेक कंपन्यांनी त्यांचे छायाचित्र वापरून अभिनंदनाच्या जाहिराती प्रसृत केल्या; तेव्हा सिंधू ह्यांचे व्यावसायिक व्यवहार पाहणाऱ्या संस्थेने अशा कंपन्यांविरुद्ध कायदेशीर कारवाईची भूमिका घेतली. मोठी कंपनी असा प्रसंग निभावून नेईल. दोन कारागिरांच्या दुकानास तो झेपणारा नव्हे.

मग स्फूर्तीचे खात्रीलायक स्थान कोणते? गिऱ्हाइकाचा प्रश्न, हे त्याचे उत्तर होय. ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात सापडते. तेथे घरगुती पोहण्याचे तलाव बांधून देणारी एक लहान संस्था २००८ च्या आर्थिक मंदीत संकटात आली. तिचे एक भागीदार मार्कस शेरिडन ह्यांनी २००९ पासून, गिऱ्हाइके नेहमी जे प्रश्न विचारीत त्यांची उत्तरे संस्थेच्या संकेतस्थळावर लिहिण्यास आरंभ केला. तलावास खर्च किती येतो, तो कोणत्या कारणांनी कमीअधिक होतो, फायबरग्लासच्या तलावात दोष कोणते, हे प्रश्न त्या धंद्यात सहसा टाळले जात. तेच उघडपणे हाताळल्यामुळे गिऱ्हाइकांचा ओघ वाढला व संस्था तगली. आपल्याकडे ‘किंमतीसाठी संदेश पाठवा’ असे लिहिण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याच्या अगदी उलट अशी ही रीत आहे.

मराठी मुलखास ही दृष्टी नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते असा शेतकऱ्यांत समज होता; नांगर विकण्यापूर्वी त्या शंकेचे निरसन करणे भाग होते. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याचे हे वृत्तपत्रक पाहता पाहता ‘किर्लोस्कर’ मासिकात परिणत झाले, आणि ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके त्याच्या जोडीस आली. वाचकास ज्याची गरज आहे ते दिले असता तो आपण होऊन जोडला जातो, हे तत्त्व समाजमाध्यमांच्या कितीतरी आधी येथे आचरणात आलेले होते.

आता हे तत्त्व आजच्या एखाद्या व्यवसायास लावून पाहू. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा ह्या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तिच्याशी मिळतीजुळती पादत्राणे मूळ कारागिरीचा उल्लेख न करता मांडली. टीका झाल्यावर ही प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे कंपनीने मान्य केले. जे कारागिरास रोजचे व म्हणून क्षुल्लक वाटते, त्याविषयी परक्यास कुतूहल असते, हे ह्या प्रकरणाने दाखवून दिले. गिऱ्हाईक विचारते : चप्पल पावसात चालेल काय? तिला तेल केव्हा द्यावे? प्रारंभी ती चावते ती किती दिवस? बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले कातडे ओळखावे कसे? दोन जोडांच्या किंमतीत एवढे अंतर का? ह्यांतील प्रत्येक प्रश्न म्हणजे एका चित्रफितीचा तयार विषय आहे. त्याचे उत्तर कारागिराच्या हातात असते, आणि नक्कल करणाऱ्यास ते सहजासहजी देता येत नाही.

ह्या भूमिकेचा आणखी एक लाभ आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते, आणि तेथे जमविलेला प्रेक्षकवर्ग अनेकांनी एका दिवसात गमावला. माध्यमाच्या चालू टुमीवर बेतलेला मजकूर त्या माध्यमाबरोबरच संपतो. प्रश्नावर बेतलेला मजकूर दुसऱ्या माध्यमात, छापील पत्रकात, किंबहुना दुकानातील तोंडी बोलण्यातही तसाच उपयोगी पडतो.

मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. प्रश्न विचारतो तो दुकानापर्यंत आलेला माणूस. जो आलाच नाही त्याच्या शंका वहीत उतरत नाहीत. तसेच पाच-दहा रुपयांच्या, सहज उचलल्या जाणाऱ्या वस्तूविषयी कोणी फारसे विचारीत नाही. अशा ठिकाणी इतरांच्या जाहिरातींचे निरीक्षण साहाय्यक ठरू शकेल; परंतु तेही आपल्या प्रश्नांची वही जवळ ठेवूनच करावे.

प्रकल्पासाठी लहान व्यावसायिकांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून प्रथम नमुनेदार जाहिराती गोळा करू नयेत. एक महिनाभर गल्ल्याजवळ वही ठेवून आलेला प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत टिपावा. किंमत, वापर, विश्वास व तुलना अशा चार वर्गांत त्यांची विभागणी करावी. आणि जो प्रश्न अधिकात अधिक वेळा आला त्यापासून आरंभ करावा. लहान व्यावसायिक जाहिरातीवर जो तास खर्च करतो, तो त्याच्या उत्पादनातून वजा होत असतो. त्यास सल्ला देताना आपण ह्या तासाचा हिशेब दिला पाहिजे.