जुन्या पिकअपला नवा खटका

भाजी घेऊन जिंतूरच्या, सेलूच्या बाजारला जुन्या पिकअपमधून जाताना दाराशी लेकरू बसतं. म्हणून आज दाराच्या कुलपाविषयी.

जुन्या कुलपात सरळ जीभ असते. खड्ड्यात गाडीचा सांगाडा पिळला, की ती खाचेतून निसटते. नव्या खटक्यातला आकडा चौकटीवरच्या खुंटीला वेढून धरतो आणि दोनदा वाजतो. पहिल्या आवाजाला दार अर्धंच लागतं, दुसऱ्याला पक्कं.

मिस्त्रींना आधी बिजागरीची ढिलाई काढायला सांगा. पत्रा गंजला असेल तर मागून जाड पट्टी हवी, मगच खुंटी बसवायची. कुलूप लावलेलं दार आतून उघडतं का, तेही बघा.

दुसरा आवाज ऐकल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.