कीड-रोगाचा धोका: सीमा जिल्ह्याची नसते, वाटेची असते

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी मराठवाड्यातून आणि शेजारच्या राज्यांतून दिंड्या येतात. याच सुमारास जिल्ह्यातली लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. अनेकांच्या गाडीला बैलजोडी असते. रानात कापसाची वेचणी सुरू असते आणि बोंडअळीही जोरात असते. त्यामुळे इथला धोका जोखायला कार्तिक महिना चांगला. मात्र त्याआड काही गैरसमज येतात.

गैरसमज: आपल्या जिल्ह्यात रोग नाही, म्हणजे धोका नाही.

वस्तुस्थिती: धोका जोखताना तीन गोष्टी एकत्र पाहतात. रोग किंवा कीड जवळपास कुठे आहे का, तिला मानवणारे हवामान आणि पीक वा जनावर इथे आहे का, आणि तिला इथवर यायला वाट आहे का. लम्पी हा जनावरांचा त्वचारोग भारतात 2019 साली ओडिशात पहिल्यांदा आढळला. ऑगस्ट 2022 मध्ये तो जळगाव जिल्ह्यात दिसला आणि पुढच्याच महिन्यात सरकारला सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर करून जनावरांचे बाजार आणि वाहतूक थांबवावी लागली. बीडचा बैल कारखान्याच्या तळावर चार जिल्ह्यांच्या बैलांशेजारी बांधला जातो. तिथला धोका हा बीडचाही धोका असतो, आणि हंगाम संपला की बैल गावी परततात.

गैरसमज: लम्पी माणसालाही होतो, म्हणून दूध बंद करावे.

वस्तुस्थिती: हा रोग गाय आणि म्हैसवर्गाचा आहे, माणसाला होत नाही. दूध नेहमीसारखे उकळून प्यावे. रोग पसरतो तो मुख्यतः डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचिडांमार्फत. म्हणून गोठा कोरडा ठेवणे, गोचीड-माश्यांचा बंदोबस्त करणे आणि आजारी जनावर वेगळे बांधणे याला महत्त्व. भारतात यासाठी शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली. लस टोचली त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही. प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. गाडी जुंपायच्या आदल्या दिवशी टोचलेली लस तळावरच्या पहिल्या दिवसांत उपयोगी पडणार नाही.

गैरसमज: मरतूक कमी, म्हणजे नुकसान कमी.

वस्तुस्थिती: लाळ-खुरकुतात मोठी जनावरे सहसा दगावत नाहीत. पण खुरांत जखमा झालेला बैल उसाची गाडी ओढू शकत नाही, आणि ज्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे त्याचा हंगाम बुडतो. म्हणूनच धोका मोजताना रोग येण्याची शक्यता आणि आल्यावर होणारे नुकसान, दोन्ही धरावे लागतात. या रोगाची लस दर सहा महिन्यांनी द्यायची असते.

गैरसमज: बीटी कापसाला बोंडअळी लागत नाही.

वस्तुस्थिती: गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले आहे. 2017 मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांनी त्याची किंमत मोजली. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही उभा ठेवलेला कापूस, राखली किंवा जूनआधी लागवड केली की अळीला जवळजवळ वर्षभर खाणे मिळते. एका शेतातली फरदड शेजारच्या दहा शेतांचा धोका वाढवते.

गैरसमज: बोंडअळीचा पतंग दिसला की फवारणी करावी.

वस्तुस्थिती: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा त्याहून अधिक पतंग सापडले, किंवा फुले-बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव दिसला, तर उपाय करायचा. त्याआधीची फवारणी म्हणजे वाया गेलेला पैसा आणि मारलेले मित्रकीटक. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले. अकारण फवारणी हाही एक धोकाच आहे.

गैरसमज: ज्याची बातमी मोठी, तो धोका मोठा.

वस्तुस्थिती: मे 2020 मध्ये टोळधाड अमरावतीकडून विदर्भात उतरली तेव्हा राज्यभर धास्ती होती. मराठवाड्यात कोवळे सोयाबीन फस्त केले ते दोन वर्षांनी गोगलगायींनी. 2022 च्या पावसाळ्यात बीड, लातूर आणि उस्मानाबादच्या शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. गोगलगाय हळू चालते, रात्री खाते, म्हणून पाहणीतून सुटते.

कीड अशी सुटू नये, वेळीच दिसावी म्हणून कृषी विभाग क्रॉपसॅप प्रकल्पातून पिकांची पाहणी करून सल्ले देतो. जनावरांच्या रोगांसाठी बंगळुरूची निवेदी ही संस्था जिल्हावार पूर्वसूचना देते. पण या अंदाजांचे मोल गावातून गेलेल्या माहितीवर ठरते. अंगावर गाठी उठलेले जनावर लपवले, तर जिल्हा कागदावर निर्धोक राहतो आणि लस दुसरीकडे जाते. कोयता निघण्याआधी महिनाभर लसीकरण, वेचणी संपताच पऱ्हाटी रानाबाहेर आणि आजारी जनावर दिसताच 1962 वर फोन: बीडच्या शेतकऱ्याच्या हातातली ही तीन कामे जिल्ह्याचा धोका खरोखर कमी करतात.