सैल जोड आणि पक्का जोड

शेतावरील पंप बंद पडला की ‘वायर जळाली’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु पुष्कळदा आधी जळतो तो तिच्या टोकाचा सैल जोड. असे का होते आणि मोठ्या कारखान्यांत त्यावर कोणता उपाय योजिला जातो, हे आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विजेवर चालणाऱ्या मोटारीचे उदाहरण घेऊ. तिच्या बॅटरीचा दाब बहुधा ४०० किंवा ८०० व्होल्टच्या आसपास असतो. ही वीज वाहून नेणारी केबल अंगठ्याएवढी जाड असू शकते. तिचा नारिंगी रंग ही धोक्याची खूण होय. केबल आडवी कापून पाहिली तर मध्यभागी तांब्याच्या शेकडो बारीक तारा, त्यांवर इन्सुलेशन, त्यावर तारांची विणलेली जाळी आणि सर्वांवर नारिंगी वेष्टन असे थर दिसतात.

टोक तयार करणे म्हणजे हे थर ठरलेल्या मापाने एकेक करून सोलणे. काम कांदा सोलण्यासारखे दिसते खरे. पण पाते केसभर खोल गेले तर आतील तारा तुटतात आणि विजेची वाट अरुंद होते. जाळीची एखादी सुटी तार आत राहिली तर शॉर्टसर्किटचे भय. माणसाचा हात सकाळी स्थिर असतो. तिसऱ्या प्रहरी तो थकतो. म्हणून हे काम आता स्वयंचलित यंत्रांकडे सोपविले जाते. यंत्र केबल मापाने कापते, फिरत्या पात्यांनी वेष्टन सोलते, जाळी मागे दुमडते आणि कॅमेऱ्याने टोक तपासते. शेवटी तांब्याचा लग चढवून तो मोठ्या दाबाने चेपते. यालाच क्रिंप करणे म्हणतात. चेपताना किती जोर लागला याची नोंद होते. काही तारा कमी भरल्या असतील तर जोरात फरक पडतो आणि ते टोक बाजूला काढले जाते. अशी यंत्रे घडविण्यात स्वित्झर्लंडचे नाव मोठे आहे. तेथील कोमॅक्स व श्लॉयनिगर या दोन कंपन्या २०२२ साली एक झाल्या.

एवढी काळजी कशासाठी? हिशेब करून पाहा. जोडाचा विरोध एका ओहमचा दहा हजारावा भाग असेल आणि त्यातून २०० अँपियर वीज जात असेल, तर तेथे ४ वॅट उष्णता निर्माण होते. तोच जोड सैल होऊन विरोध दसपट झाला, तर ४० वॅट! एवढ्याशा जागेत जणू डाग देण्याची तापलेली इस्त्रीच ठेवली. उष्णतेने जोड आणखी बिघडतो, आणि बिघडला की आणखी तापतो.

तथापि यंत्राने हात निरुपयोगी केले, असे कोणी समजू नये. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर मोठे आक्रमण झाले आणि तेथील वायरिंगच्या कारखान्यांचे काम अडले. तेव्हा थोड्याच दिवसांत जर्मनीतील काही मोटार कारखाने थांबवावे लागले. कारण मोटारीतील शेकडो तारांची जुडी गुंफणे हे काम अजून बहुतांशी हातानेच होते.

आपल्या घरी असे यंत्र नाही. पण त्याची शिस्त आपण घेऊ शकतो. तारा नुसत्या पिळून त्यांवर टेप गुंडाळणे हा जोड नव्हे. स्टार्टरचा लग काळवंडला, जळका वास आला किंवा प्लग गरम लागला, तर आधी मेन स्विच बंद करावा आणि जाणत्या वायरमनला बोलवावे. चार रुपयांचा लग वाचवून घर धोक्यात घालणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.