होम थिएटरचा रिसीव्हर बदलण्यापूर्वी तपासा नेमकी उणीव

नवी दिल्ली : सणासुदीच्या सवलतीत मोठ्या पडद्याचा फोर-के टीव्ही घरी आला की जुना होम थिएटर रिसीव्हरही बदलावा का, असा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. मध्यम श्रेणीतील नव्या रिसीव्हरची किंमत अनेकदा लाखाच्या घरात जात असल्याने जुन्या उपकरणात नेमके काय कमी पडते, हे आधी पाहणे हिताचे ठरते.

रिसीव्हर प्रामुख्याने दोन कामे करतो. चित्र आणि ध्वनीचे संकेत योग्य ठिकाणी पोहोचवणे हे पहिले, तर स्पीकरना विद्युतशक्ती पुरवणे हे दुसरे. यातील दुसरे काम सहसा लवकर कालबाह्य होत नाही. तंत्रज्ञान झपाट्याने बदलते ते पहिल्या कामाचे.

२०१३ मधील एचडीएमआय २.० मानकाची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट होती. २०१७ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ ने ती ४८ गिगाबिटपर्यंत नेली. प्लेस्टेशन ५ सारख्या गेमयंत्रावरील सेकंदाला १२० चौकटींचे फोर-के चित्र जुन्या रिसीव्हरमधून पुढे जात नाही, ते यामुळेच.

मात्र त्यासाठी रिसीव्हर बदलावाच लागतो असे नाही. गेमयंत्र किंवा सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला जोडून केवळ ध्वनी 'एआरसी' जोडणीद्वारे रिसीव्हरकडे पाठवता येतो. ओटीटी मंचांवरील डॉल्बी ॲटमॉस ध्वनी सहसा संकुचित स्वरूपात असल्याने तो या जोडणीतूनही जाऊ शकतो. ब्लू-रे चकतीवरील असंकुचित दर्जाचा ध्वनी टीव्हीमार्फत पाठवायचा असल्यास मात्र टीव्ही आणि रिसीव्हर या दोन्हींत 'ई-एआरसी' सुविधा आवश्यक असते.

घरगुती ॲटमॉस २०१४ मध्ये बाजारात आले. त्यापूर्वीचे रिसीव्हर सर्वसाधारणपणे हा ध्वनी उलगडू शकत नाहीत. शिवाय ५.१ रचनेला छताकडील दोन स्पीकर जोडायचे तर ध्वनिवर्धनाच्या सात वाहिन्या लागतात. छतावरून येणारा ध्वनी हवा असेल आणि त्यासाठी स्पीकर बसवण्याची तयारी असेल, तर नव्या रिसीव्हरवरील खर्च सार्थकी लागतो.

केवळ अधिक वॅटच्या आकड्यासाठी खरेदी करणे मात्र फारसे लाभदायक नाही. शक्ती ५० वरून १०० वॅट केल्यास आवाजाची पातळी अवघी ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. संवाद अस्पष्ट ऐकू येत असतील, तर मधल्या स्पीकरचा दर्जा, त्याची जागा आणि खोलीतील प्रतिध्वनी यांकडे आधी लक्ष द्यावे.

वारंवार बिघाड, अपुऱ्या वाहिन्या किंवा हव्या असलेल्या ध्वनिप्रकाराचा अभाव, यांपैकी एकही कारण लागू नसेल, तर जुना रिसीव्हर कायम ठेवून तीच रक्कम चांगल्या स्पीकरवर खर्च करणे अधिक फलदायी ठरते.