औषध देणारा हात आणि करणीचा आळ

डोंबिवलीच्या आमच्या बचत गटात मुरबाड-शहापूरच्या, कोकणातल्या, देशावरच्या बायका आहेत. हप्ते जमा झाले की गप्पा गावाकडे वळतात. परवा विषय निघाला परसातल्या औषधांचा. खोकल्याला अडुळसा, सुजल्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक, बाळंतिणीला बाळंतशेपा.

एक ताई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या आजेसासूंना हे सगळं यायचं. शेजारची म्हैस आटली आणि करणीचा आळ त्यांच्यावर आला. त्यांनी स्वतःच्या हातानं परसातली झाडं उपटून टाकली."

आळ अशाच बाईवर का यायचा? कारण औषध देणारी बाईच आजाऱ्याच्या घरात जायची. माणूस बरं झालं तर देवाची कृपा, दगावलं तर हिची नजर! त्यात ती विधवा, एकटी असली की बोट दाखवणं आणखी सोपं.

खरी कारणं वेगळी होती. म्हशीच्या सडातून जंतू शिरले की कासदाह होतो आणि दूध घटतं. बाळाची नाळ विळ्यानं कापली, वर शेण-राख लावली, की त्याला धनुर्वात व्हायचा. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळ आखडायचं आणि लोक म्हणायचे, बाहेरची बाधा. ही 'बाधा' गरोदरपणातल्या लशीनं आणि स्वच्छ बाळंतपणानं हटवली. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन भारतानं साधल्याचं 2015 साली जाहीर झालं.

आज कायदाही आपल्या बाजूनं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अमकी करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं कैद, आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं हाही गुन्हाच. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

मैत्रिणींनो, झाडपाल्याची माहिती जपूया, पण डोळे उघडे ठेवून. धोतऱ्यासारखं झाड विषारी असतं. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका. आणि कुणी एखादीला चेटकीण म्हणालं तर ऐकून गप्प बसू नका.

त्या ताईंनी आता बाल्कनीतल्या डब्यात अडुळशाची फांदी लावली आहे. तिला पालवी फुटली आहे.