छातीवरचे लाल अक्षर

एखाद्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली की तो सुधारतो, निदान बाकीच्यांना तरी धाक बसतो, ही समजूत फार जुनी आहे. ती खरी आहे का? नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाने १८५० साली प्रसिद्ध केलेल्या 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीत हाच प्रश्न धरला आहे. नावाचा अर्थ, लाल अक्षर. गोष्ट घडते १६४० नंतरच्या दशकात, बॉस्टन गावी.

त्या वेळचे बॉस्टन म्हणजे समुद्रकाठची एक लहान वस्ती. इंग्लंडमधला धर्म पुरेसा शुद्ध नाही, असे म्हणणारी प्युरिटन मंडळी १६३० मध्ये तिथे येऊन राहिली. आपण साऱ्यांनी मिळून देवाशी करार केला आहे, अशी त्यांची श्रद्धा. तेव्हा एकाने पाप केले तरी कोप व्हायचा तो सगळ्या वस्तीवर! मग पाप ही कुणाची खाजगी गोष्ट राहणार कशी? व्यभिचाराला तर कायद्याने देहदंड होता, आणि १६४४ साली त्यापायी एका स्त्रीला व एका पुरुषाला खरोखरच फाशी दिले गेले. पुढे १६९४ च्या कायद्याने शिक्षा बदलली. गळ्यात दोर घालून तासभर फाशीच्या तख्तावर बसायचे, फटके खायचे, आणि 'ए' हे इंग्रजी अक्षर, दोन इंच उंचीचे, कापडातून कापून अंगावरच्या कपड्यावर कायमचे वागवायचे. व्यभिचाराच्या इंग्रजी शब्दाचे ते आद्याक्षर. म्हणजे बघा, लेखकाने हे अक्षर मनाने रचलेले नाही. फक्त काळ थोडा अलीकडे-पलीकडे केला आहे.

कादंबरीच्या आरंभी हेस्टर प्रिन नावाची तरुणी तान्ही मुलगी कडेवर घेऊन गावच्या चौथऱ्यावर उभी आहे. नवरा मागे राहिलेला, त्याचा पत्ता नाही. छातीवर ते लाल अक्षर. पण तिने ते सोनेरी धाग्याने असे भरले आहे की, बायकांच्या डोळ्यांत खुपावे. खाली सारा गाव जमला आहे. मुलीचा बाप कोण, एवढेच तिने सांगायचे. आणि ते तिच्याकडून वदवून घेण्याचे काम कुणाकडे दिले आहे? वर सज्जात उभ्या असलेल्या तरुण धर्मोपदेशकाकडे, आर्थर डिम्सडेलकडे. मुलीचा बाप तोच! तो कळवळून तिला सांगतो, नाव सांग म्हणून. ती सांगत नाही.

शिक्षकमंडळींनी हा प्रसंग सावकाश वाचावा. एक बाकावर उभा, आणि त्याच खोडीतला दुसरा शहाण्यासारखा पहिल्या रांगेत बसलेला, ही जोडी त्यांना काही नवी नाही.

पुढची सात वर्षे हीच खरी कादंबरी. हेस्टर गावाबाहेर समुद्राकाठच्या झोपडीत राहते, शिवणटिपणावर पोट भरते. गव्हर्नराच्या गळपट्टीवर तिचे भरतकाम, बाळाच्या टोपड्यावर तिचे, मयताच्या कपड्यांवरही तिचेच. फक्त नवरीच्या शुभ्र जाळीला तिची सुई लागू देत नाहीत. गरिबांना ती कपडे शिवून देते, आजाऱ्यांपाशी रात्र काढते. हळूहळू लोक म्हणू लागतात की, तो 'ए' म्हणजे 'समर्थ' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे अक्षर! पण शिक्षेने ती नमली, असे समजू नका. वरून ती मुकाट राहते. एकांतात तिचे मन अशा विचारांपर्यंत जाते की, ते कानांवर पडले असते तर न्यायाधीशांना अक्षरापेक्षा जड शिक्षा सुचली असती. लेखक हे स्पष्टच सांगतो, आणि मला हे त्याचे धाडस वाटते.

डिम्सडेलचे उलट होते. त्याला कुणी बोट लावलेले नाही, म्हणूनच तो आतून पोखरत जातो. व्यासपीठावरून तो सांगतो की, मी पाप्यांतला पापी आहे. लोकांना वाटते, केवढी ही नम्रता! त्यांची भक्ती वाढते. आपले बोलणे असे घेतले जाणार, हे तो पुरते ओळखून असतो. खरे बोलून खोटे पसरवण्याची ही तऱ्हा मोठी विलक्षण आहे. एका मध्यरात्री तो त्याच चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो, कुणी बघत नसताना. वाटेने जाणारी हेस्टर व मुलगी पर्ल वर येतात. पर्ल विचारते, उद्या दुपारी आमच्याबरोबर इथे उभा राहशील? तो नाही म्हणतो.

हेस्टरचा नवरा चिलिंगवर्थ हे नाव घेऊन, वैद्य बनून, डिम्सडेलच्याच घरात राहतो. औषध देता देता तो त्याच्या मनाचे खिळे एकेक उचकटतो. लेखकाच्या लेखी हे पाप त्या दोघांच्या पापाहून काळे.

अखेर भर दुपारी, सगळ्या गावादेखत, डिम्सडेल त्या दोघींचा हात धरून चौथऱ्यावर चढतो, छाती उघडी करतो आणि तिथेच प्राण सोडतो. काय दिसले यावर लोकांत एकमत नाही. कुणी म्हणे कातडीवर अक्षर होते, कुणी म्हणे काहीच नव्हते.

हॉथॉर्नला ही ओढ का लागली, याचे उत्तर त्याच्या घराण्यात सापडते. त्याचे खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न हे १६९२ मध्ये सेलम येथे चेटकाच्या खटल्यांत न्यायाधीश होते. त्या खटल्यांत एकोणीस निरपराध माणसे फासावर गेली. १६९७ साली सॅम्युएल सूअल या न्यायाधीशाने बॉस्टनच्या चर्चमध्ये भर मंडळीत उभे राहून आपला कबुलीजबाब वाचवून घेतला. हॅथॉर्न उभे राहिले नाहीत. दीडशे वर्षांनी त्यांच्या वंशजाने कादंबरीच्या प्रस्तावनेत पूर्वजांची ती लाज आपल्या माथी घेतली.

हेस्टर पुढे परदेशी जाते, आणि एक दिवस एकटीच परत येते. आता सक्ती करणारे कुणी नाही. तरीही ती झोपडी उघडते, लाल अक्षर पुन्हा छातीवर लावते. आणि गावातल्या दुखावलेल्या बाया आपले मन मोकळे करायला तिच्याच दाराशी येऊ लागतात.